नेमबाजीच्या सामानात तुमचे पैसे सगळ्यात जास्त कशात वसूल झाले?

नवखा_ऐरोली

नमस्कार मंडळी. ऐरोलीला राहतो, वय ४२, आयटीत आहे म्हणजे दिवसभर खुर्ची. २०२४ ला पॅरिसमध्ये मनू भाकरची ती दोन ब्राँझ आणि मग आपल्या स्वप्नील कुसाळेचं ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ बघितलं आणि डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. १० मीटर एअर पिस्तूल करतो, शनिवार रविवार रेंजवर. आधी क्लबचं पिस्तूल वापरायचो, मागच्या दिवाळीत बोनस आला आणि स्वतःचं घेतलं, बायको अजून त्या विषयावर फार बोलत नाही, म्हणजे बोलत नाही हेच बोलणं.

आता गंमत अशी की पिस्तूल नवीन, स्कोअर जुनाच. ६० शॉटला ६०० पैकी ५२० च्या आसपास घुटमळतोय. क्लबमध्ये प्रत्येकजण काहीतरी वेगळं घ्यायला सांगतो, एक म्हणतो ग्रिप बनवून घे, दुसरा म्हणतो बूट घे, तिसरा म्हणतो इम्पोर्टेड पेलेट, म्हणजे छर्ऱ्यांशिवाय काही खरं नाही. म्हणून सरळ विचारतो, तुम्ही आजवर घेतलेल्या सामानात असं काय आहे की जे घेतल्यावर वाटलं, हां, हे आधीच घ्यायला हवं होतं. महाग असो, पन्नास रुपयांचं असो, चालेल. रायफलवाल्यांनी पण सांगा, आणि कोणाकडे जुनं शिकारीच्या काळातलं काही असेल तर ते वाचायलाही आवडेल.

कळव्याचा_काका

अर्धा किलोचं वजन. हसू नका.

एअर पिस्तुलाचा ट्रिगर कमीत कमी ५०० ग्रॅमचा असावा लागतो हे तुला क्लबमध्ये सांगितलं असेलच. मॅचच्या दिवशी इक्विपमेंट कंट्रोलवाले नळी सरळ वर धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन लटकवतात, ट्रिगरने ते उचललं पाहिजे, उचलता उचलता सुटला तर फेल, मग परत, असे तीन चान्स. मी माझ्या पहिल्या स्टेट मॅचला तिन्ही चान्सला फेल झालो होतो. घरी ट्रिगर "हलका छान" करून ठेवला होता ना. तिथे लाइनीत मागे पंधरा पोरं उभी, सगळी माझ्या मुलाच्या वयाची, आणि मी ॲलन की घेऊन घाम पुसत स्क्रू फिरवतोय. पास झालो शेवटी, पण पहिल्या दहा शॉटच्या सिरीजला हात असा थरथरत होता की ८१ लागले.

दुसऱ्या दिवशी जांभळी नाक्याला गेलो, वजनकाट्याच्या दुकानातून किराणावाले वापरतात ते लोखंडी अर्धा किलोचं वजन आणलं. त्याला वर कडी नसते, मग सायकलचा जुना स्पोक वाकवून आकडा केला आणि एम-सीलने चिकटवला, आकड्याच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा घातला म्हणजे ट्रिगरला ओरखडा जात नाही. घरच्या काट्यावर आकड्यासकट ५०८ ग्रॅम भरलं. कानशीने घासून बरोबर ५०० करणार होतो, मग म्हटलं कशाला, घरी ५०८ उचलतंय तर तिथे ५०० उचलणारच. आज नऊ वर्षं झाली, त्यानंतर ट्रिगरला एकदाही फेल नाही, आणि मुख्य म्हणजे मॅचच्या आदल्या रात्री झोप लागते. सगळा खर्च दीडशेच्या आत.

पेलेटचं म्हणशील तर आत्ताच नको. ५२० ला पेलेट आडवं येत नाही रे, हात आडवा येतो. पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं आहे, साधं बरं पेलेटही त्यात आरामात बसतं. टोकाला चपटं वॉडकटर मात्र हवं, गोल टोकाचं कागदाला नीट भोक पाडत नाही, कडेला फाडतं, मग स्कोअर वाचताना भांडणं.

रायफलवाली_आई

काकांचं वजन भारी 😄

मी स्वतः शूट करत नाही, माझी मुलगी करते, १५ वर्षांची आहे, १० मीटर एअर रायफल. २०२२ ला कैरोला आपल्या ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली ना, तेव्हा बातम्यांत बघून हट्ट धरला. आम्ही पनवेलला राहतो, इथे सुमा शिरूर मॅडममुळे हा खेळ लोकांना माहीत तरी आहे, त्यांनी २००४ ला क्वालालंपूरला ४०० पैकी ४०० मारले होते हे इथल्या पोरींना पाढ्यासारखं पाठ आहे. त्यामुळे घरच्यांना समजवायला फार त्रास झाला नाही, त्रास झाला तो बिलं बघताना.

रायफलच्या बाबतीत मी एकच सांगेन, स्टँड. रायफल ठेवायचा स्टँड. नियमाने रायफल ५.५ किलोपर्यंत असू शकते, हिची साधारण साडेचार किलोची आहे, आणि साठ शॉट म्हणजे साठ वेळा उचलायची, त्यात शॉट न मारताच खाली घेतली, परत उचलली असं धरलं तर शंभरच्या वर होतं. सुरुवातीला ती दोन शॉटच्या मधे रायफल कंबरेवर टेकवून उभी राहायची आणि चाळिसाव्या शॉटनंतर स्कोअर असा घसरायचा की कोच म्हणायचे स्टॅमिना नाही. बाहेरचा स्टँड बघितला तर किंमत बघून परत ठेवला. मग माझ्या भावाच्या ओळखीचा वागळे इस्टेटमधला एक फॅब्रिकेटर आहे, त्याच्याकडून ॲल्युमिनियमचा करून घेतला, खाली तीन पाय, मधे कमीजास्त होणारा पाइप, वर इंग्रजी यू सारखा खाचा आणि त्याला सायकलच्या हँडलचा फोम. त्या माणसाने तीनदा विचारलं, मॅडम हे नक्की कशाला हवंय, शेवटी मुलीचा फोटो दाखवला तेव्हा एकदम खूश, मजुरीच घेतली नाही. एक लक्षात ठेवा, स्टँडचा कुठलाही भाग खेळाडूच्या खांद्याच्या वर जाता कामा नये, म्हणून उंची कमी करता येईल असाच करा, पोरं वाढतात पण वेगवेगळ्या वेगाने.

आणि ज्यात पैसे गेले ते पण सांगते. जॅकेट. पहिल्याच वर्षी नवं कोरं, मापाचं शिवून घेतलं आणि पोरगी चौदा महिन्यांत चार इंच वाढली. बाह्या मनगटाच्या वर. ते कॅनव्हास आणि लेदरचं जॅकेट इतकं कडक की अल्टर कोण करणार. वाढत्या वयाच्या मुलांसाठी क्लबमधल्या मोठ्या पोरांचं वापरलेलं घ्या, थोडं मऊ पडलेलं असतं पण तेवढं चालतं. उलट जास्त कडक असलं तर मॅचला ताठपणा मोजायच्या मशीनवर अडकतं. मे महिन्यात एसी नसलेल्या रेंजवर त्या जॅकेटमध्ये सव्वा तास उभं राहणं म्हणजे काय ते फक्त त्या पोरांना माहीत. आतून घालायचा फुल बाह्यांचा सुती टीशर्ट, दोन घ्या, एक मॅचच्या आधी बदलायला. ही पण पैसे वसूल खरेदीच आहे तशी.

वाशी_सेक्टर_सतरा

कबुतरांसाठी कुठली एअरगन बरी? एसीच्या आउटडोअरवर घरटं केलंय, वैताग आलाय. बजेट ६-७ हजार

कळव्याचा_काका

@वाशी_सेक्टर_सतरा कुठलीच नाही. १९६० चा प्राणी क्रूरता कायदा आहे, आणि तो बाजूला ठेवला तरी समोरच्या बिल्डिंगमध्ये कोणाचं पोर गॅलरीत उभं असेल ते दिसत नाही. पेलेट भिंतीला लागून परत येतं. नायलॉनची जाळी लावून घे, माणूस येऊन एका दुपारीत लावून जातो, तुझ्या बजेटमध्ये दोन गॅलऱ्या होतील. तुझी सगळ्यात पैसे वसूल खरेदी तीच.

वाशी_सेक्टर_सतरा

जाळी सोसायटी लावू देत नाही काका, एलेव्हेशन खराब होतं म्हणतात 😑

कळव्याचा_काका

मग सेक्रेटरीच्या गॅलरीत घरटं होऊ दे, आपोआप परवानगी मिळेल.

चाळिशीपार

मूळ प्रश्नावर येतो. भाऊ तुझं वय ४२ लिहिलंयस, मला वाटतं तुझं उत्तर त्यातच आहे. चष्मा.

माझी पण सेम कहाणी. ४४ ला सुरू केलं, ५२५-५३० ला अडकलो, दीड वर्ष ग्रिप घासतोय, पोझिशन बदलतोय, कोच म्हणतात फोरसाइट (नळीच्या टोकावरची नेमाची माशी) बघ, फोरसाइट बघ, आणि मी मनात म्हणतोय बघतोच आहे की. प्रत्यक्षात मला फोरसाइट स्वच्छ दिसतच नव्हती, आणि आपल्याला दिसत नाहीये हे आपल्याला कळत नाही हा चाळिशीचा घोळ आहे. मी प्रोग्रेसिव्ह लावायचो, त्यात वरून लांबचं, खालून जवळचं, आणि पिस्तूल धरताना मान जशी असते तशी नजर लेन्सच्या नेमक्या नको त्या भागातून जायची. मग मी नकळत हनुवटी वर उचलायचो. एका शॉटला थोडी, दुसऱ्याला जास्त. ग्रुप उभा पसरलेला, वर ९ खाली ७, आणि मी ट्रिगरला शिव्या घालतोय.

शेवटी गोखले रोडवरच्या एका चष्मेवाल्या ताईंकडे गेलो. पिस्तूल घेऊन जाऊ नकोस हां दुकानात, बाकीची गिऱ्हाइकं घाबरतात. घरी बायकोला सांगून पोझिशनमध्ये उभा राहिलो आणि डोळ्यापासून फोरसाइटपर्यंत टेपने अंतर मोजून घेतलं, माझं ९२ सेंटीमीटर आलं. ताईंना ते सांगितलं, त्यांनी लांबच्या नंबरमध्ये अर्ध्यापासून चढवत चढवत बघितलं, हातात पेन सरळ धरून पेनाचं टोक धारदार दिसलं पाहिजे आणि भिंतीवरचा तक्ता किंचित पुसट. माझं +०.७५ वर जमलं. काहींचं +०.५० वर जमतं. ते पण सिंगल व्हिजन, प्रोग्रेसिव्ह नाही. साध्या जुन्या फ्रेममध्ये लेन्स टाकून घेतल्या, ती महागडी शूटिंगची फ्रेम नंतर एका वर्षाने घेतली, ती पण छान आहे, लेन्स बरोबर डोळ्यासमोर फिरवून आणता येते, पण खरा फरक त्या पहिल्या साध्या चष्म्याने पडला.

पहिल्यांदा रेंजवर घातला तो क्षण अजून आठवतो. फोरसाइटची वरची कड अशी दिसली जशी नव्या ब्लेडने कापलीय, दोन्ही बाजूंची उजेडाची फट वेगवेगळी दिसली. टार्गेट मात्र धुरकट काळा ठिपका. आधी भीती वाटली की काळं नीट दिसत नाही, मारू कसं. मारलं. पहिली सिरीज ९३. मी चष्मा काढून पुसला आणि परत घातला, म्हटलं काहीतरी चुकलंय.

दुसरा डोळा मिटू नकोस, दोन मिनिटांत चेहरा दुखायला लागतो, त्याच्यासमोर पांढरी पट्टी लाव, ३० मिमी रुंदीपर्यंत चालते. मी श्रीखंडाच्या डब्याचं झाकण कापून लावलंय.

लेन_नंबर_चार

चाळिशीपार दादांना +१ (नंबर नव्हे, अनुमोदन).

माझी खरेदी अगदीच फडतूस आहे. एक प्लास्टिकचा फोल्डर. मी रोज ठाणे-वाशी ट्रान्सहार्बरने जातो आणि रेंजच्या दिवशी पिस्तुलाची केस सॅकमध्ये असते. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे .१७७ बोअरची, २० जूलच्या आतली एअरगन असेल तर लायसन लागत नाही, आणि आपली मॅचची पिस्तुलं त्याच्या बरीच खाली असतात. पण हे स्टेशनवर बॅग स्कॅन करणाऱ्याला स्क्रीनवर पिस्तुलाचा आकार दिसल्यावर कसं सांगणार. माझं पहिल्यांदा झालं तेव्हा चाळीस मिनिटं बसवून ठेवलं, त्यांची चूक नाही म्हणा, त्यांनी त्यांचं काम केलं. तेव्हापासून फोल्डरमध्ये क्लबचं पत्र, आयकार्ड, पिस्तुलाचं बिल, नियमाच्या त्या पानाची प्रिंट, सगळं लॅमिनेट करून, आणि विचारायच्या आधीच हसून पुढे करतो. आता पाच मिनिटांत सुटतो, एक हवालदार तर दरवेळी विचारतात आज किती मारले. सॅक पण साधी शाळेची घेतली, ती काळी लांबलचक "टॅक्टिकल" बॅग घेऊन लोकलमध्ये चढलात तर स्वतःहून संकटाला आमंत्रण.

आणि ज्यात फसलो ते: सेकंडहँड पिस्तूल. फोटो चकाचक, विकणारा गोडबोल्या, किंमत पण बरी. घरी आणल्यावर सिलिंडर काढून बघितला तर त्यावर कोरलेली बनवल्याची तारीख बारा वर्षांपूर्वीची. या सिलिंडरांना कंपनी साधारण दहा वर्षांची मुदत देते, २०० बारची हवा असते आत, गंमत नाही. मॅचला मुदत संपलेला सिलिंडर चालवून घेत नाहीत आणि जबाबदारी खेळाडूचीच. नवा मागवला, दोन महिने वाट, आणि सगळं धरून नवं पिस्तूल घेतलं असतं तर बरं झालं असतं एवढा खर्च. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे मी मॅच खेळत नाही हो, मला काय माहीत. सेकंडहँड घेणाऱ्यांनी आधी सिलिंडरवरची तारीख वाचा, मग बाकीचं प्रेम.

बाराबोअर_पाचपाखाडी

शिकारीच्या काळातलं काही असेल तर सांगा म्हणालात म्हणून लिहितो.

आमच्याकडे आजोबांची दुनळी बारा बोअर आहे, मुरबाडकडचे आम्ही. आजोबांनी तिने काय काय मारलं त्याच्या गोष्टी लहानपणी ऐकल्या, १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि ती बंद कपाटात गेली. वडिलांकडून वारसाने लायसन माझ्या नावावर. मी आयुष्यात एक ससासुद्धा मारलेला नाही, पण बंदूक साफ मात्र तीस वर्षं करतोय. म्हणजे मी शिकारी नाही, शिकाऱ्याचा मोलकरी आहे. आधी घरात तीन हत्यारं होती, शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला दोनच ठेवता येतात म्हणून एक द्यावी लागली, तेव्हा आई उगाच दोन दिवस गप्प होती.

तर माझी खरेदी म्हणजे नळी साफ करायचा तीन जोडांचा लाकडी गज, पितळी ब्रश आणि लोकरीचा बोळा. हा सेट वडिलांच्या वेळचा हरवला होता. एका निवडणुकीला आचारसंहिता लागली, नेहमीसारखी बंदूक जमा केली, निकाल लागून परत मिळेपर्यंत पावसाळा अर्धा सरला होता. परत आली तेव्हा तिच्यावर कुठेतरी छप्पर गळत होतं हे न सांगता कळत होतं. बाहेरून ठीक, पण बंदूक मधून उघडून नळी उजेडाकडे धरली, नळी चांगली असली की आत आरशासारखी एकात एक गोल वलयं दिसतात, तर डाव्या नळीत मधोमध वलयं तुटलेली, तांबूस डाग. मी घरी आणून जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसलो, गजाला ब्रश लावून तेल घालून एकाच दिशेने, मागून पुढे, मग फडकं, परत ब्रश. पहिल्या फडक्यावर काळं, मग चॉकलेटी, मग पिवळट. चार संध्याकाळी गेल्या. एक वलय अजून पूर्ण नाही, ते आता तसंच राहणार.

एक गोष्ट तुम्हा एअर पिस्तूलवाल्यांनाही लागू आहे. ती फोमची सुंदर केस येते ना, ती प्रवासासाठी. ठाण्याच्या पावसाळ्यात हत्यार तिच्यात बंद करून ठेवाल तर तो फोम ओल धरून ठेवतो आणि जिथे जिथे टेकतो तिथे गंज चढतो. मी बाहेर काढून, तेलाचं फडकं फिरवून, सुती गवसणीत, कुलूपबंद कपाटात ठेवतो, सोबत सिलिका जेलची अर्ध्या किलोची बरणी. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परतून घ्यायचे, परत निळे होतात. कढई वेगळी ठेवा, मी एकदा चुकून पोह्यांची घेतली होती.

हां, आणि ८ बाय ४२ ची दुर्बीण. येऊरच्या जंगलात पक्षी बघायला. ऐरोलीकर, तुमच्या तर घराशेजारी खाडीत फ्लेमिंगो उतरतात.

दहा_पॉइंट_नऊ

सगळे स्वस्तातलं सांगतायत तर मी उलटं सांगतो, माझं स्कॅट. नळीखाली सेन्सर लागतो आणि तुम्ही नेम कुठे धरला, ट्रिगर ओढताना कुठे गेलात ते लॅपटॉपवर रेषेने दिसतं. सेकंडहँड घेतलं तरी खिसा रिकामा झाला. पहिले आठ दिवस डिप्रेशन, कारण मला वाटायचं माझा हात स्थिर आहे, आणि स्क्रीनवर मॅगीचा वाडगा. पण मग दिसलं की होल्ड ठीक आहे, शेवटच्या पाव सेकंदात मी दरवेळी उजवीकडे खाली ओढतोय. हे कोच दोन वर्षं सांगत होते, फक्त मी मानत नव्हतो.

कळव्याचा_काका

म्हणजे कोचचं ऐकायला तू लाखभर मोजलेस. भिंतीवर काळा ठिपका चिकटवून रोज वीस मिनिटं ड्राय फायर, म्हणजे पेलेट न घालता नुसता ट्रिगर ओढायचा सराव केला असतास तर फोरसाइटनेच तेच सांगितलं असतं.

दहा_पॉइंट_नऊ

काका, भिंत पुरावा देत नाही 😄

नवखा_ऐरोली

बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. 

अपडेट: सिलिंडरवरची तारीख बघितली, ठीक आहे. केस उघडली तर फोम खरंच दमट लागला हाताला, पिस्तूल बाहेर काढून कपाटात ठेवलंय. चाळिशीपार दादा, बायकोने टेप धरून मोजलं, ८९ आलं, आणि मोजताना तीच म्हणाली की तू हनुवटी वर का करतोयस. शनिवारी चष्मेवाल्याकडे जातोय. दिवाळीनंतर ती या विषयावर पहिल्यांदाच बोलली त्यामुळे तो टेपही वसूल.

काका, तुमचं वजन आणायला काल जांभळी नाक्याला गेलो होतो. दुकानदार विचारतो शिक्क्याचं हवं की बिनशिक्क्याचं, आणि विकणार काय आहात. मी म्हटलं काही नाही, पिस्तुलाला लटकवायचंय. त्याने वजन परत आत ठेवलं. आता तुम्हीच आणून द्या.